ओम्नीच्या कामाच्या नोंदी: जाम झालेला प्लग, अँटी-सीझ आणि आटे

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मामांची ओम्नी एकदाची माझ्या अंगणात आली. १९९८ चं मॉडेल, कार्बोरेटरवालं, ७९६ सीसी तीन सिलिंडर, म्हणजे मारुती ८०० चंच एफ८बी इंजिन पण बसवलंय पुढच्या सीटखाली. आंब्याच्या दिवसात पेट्या वाहायला आणि बाकी वर्षभर बाजारहाट, असं तिचं आयुष्य गेलं. पासिंग रिन्यू करून घेतलेलं आहे त्यामुळे गाडी भंगारात घालायची नाही हे ठरलेलं. आता दोन पावसाळे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर माडाखाली उभी होती, वर नुसती ताडपत्री. गुहागरकडची खारी हवा ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको, दाराची बिजागरी बघूनच कळतं.

बॅटरी नवीन टाकली, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल ताजं भरलं, चालू झाली. पण मिसिंग करतेय, उभी असताना सगळी बॉडी हलते, एक सिलिंडर धड मारत नाही हे नुसत्या आवाजावरून कळत होतं. एकेक एचटी वायर (स्पार्क प्लगला वीज नेणारी जाड वायर) काढून बघितली तर तीन नंबरची काढल्यावर काहीच फरक नाही. म्हणजे तोच.

सीट उचलून झाकण काढलं. प्लगच्या बुडाशी लाल माती, वाळलेली पानं आणि पांढरी भुकटी. ओम्नीचं इंजिन खालून उघडंच असतं, चाकाचा चिखल थेट वर उडतो. आधी कंप्रेसरने हवा मारून घेतली, कारण प्लग निघाला की ती सगळी घाण सरळ पिस्टनच्या डोक्यावर जाणार. वायरींना टेपचे तुकडे लावून नंबर टाकले (फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम १-३-२, अदलाबदल झाली तर उगाच डोक्याला ताप). मग गार इंजिनावर गोटी (प्लगवर बसणारं सॉकेट) लावली. एक आणि दोन नंबर करकर करत पण आले. तीन नंबर ढिम्म. टॉमीला, म्हणजे पान्याच्या दांड्याला, पाइप लावून जोर काढायचा मोह होतो अशा वेळी, पण हेड (सिलिंडरच्या वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) अॅल्युमिनियमचं आहे, प्लग पोलादाचा, आणि जोर लावल्यावर हरणार कोण ते ठरलेलं आहे. थांबलो तिथेच.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजचा सगळा वेळ एका प्लगवर गेला.

इंजिन थोडा वेळ चालवलं, हाताला सोसेल इतपत कोमट झालं की बंद केलं आणि प्लगच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० सोडलं. कोमट असताना यासाठी की इंजिन गार होताना तेल फटीत ओढलं जातं. यामागचं गणित लिहून ठेवतो. अॅल्युमिनियम दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन प्रति मीटर फुगतं, पोलाद साधारण १२. चौदा एमएमच्या भोकाला १०० अंशांचा फरक धरला तर भोक ०.०३२ मिमी मोठं होतं आणि प्लग ०.०१७, म्हणजे दीड शतांश मिलिमीटरची हालचाल. ऐकायला काहीच नाही, पण आट्यात अडकलेल्या भुकटीला भेगा पाडायला पुरते.

मग पूर्ण गार होऊ दिलं, परत फवारा, परत वाट. काही जण म्हणतात तापलेल्या इंजिनावरच काढ, भोक मोठं झालेलं असतं. भोक मोठं होतं हे खरं, पण तापलेलं अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि आटे प्लगला चिकटून ओरबाडले जातात. सुटायला सोपं आणि खराब व्हायलाही सोपं. त्यामुळे सोडवायचं ते गार असतानाच.

दुपारनंतर हळूच एक 'टक' आवाज आला. इथे घाई केली की सगळं गेलं. पाव फेरा सोडला, कच्चकन आवाज आला की लगेच परत थोडा आवळला, परत तेल, परत सोडला. मागे-पुढे, मागे-पुढे. असं करताना भुकटी बारीक होऊन बाहेर येते. नुसतं एकाच दिशेने ओढत राहिलं तर तीच भुकटी आट्यात रंध्यासारखी चालते. निघाला शेवटी, आणि सगळे आटे घेऊन नाही निघाला, यातच समाधान.

तिन्ही प्लग फळीवर ओळीने मांडले. एक आणि दोनची टोकं फिकट तपकिरी, ठीक आहेत. तीनचं टोक काळंकुट्ट, कोरडी काजळी. पण मला बघायचे होते आटे. तीन नंबरच्या आट्यांवरचं प्लेटिंग वरच्या अर्ध्या भागात गेलेलं, तिथे लाल गंज, आणि गंजावर पांढरी भुकटी खडूसारखी बसलेली. ही पांढरी भुकटी हेडची. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. झिजून त्याचं जे ऑक्साइड बनतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून फट भरून प्लग पाचरीसारखा अडकतो. गंमत म्हणजे खालच्या टोकाचे आटे, जे ज्वालेच्या जवळ, ते बऱ्यापैकी स्वच्छ. म्हणजे जाम व्हायचं कारण वरून आलेलं पाणी, इंजिनातली उष्णता नाही.

अजून एक सापडलं. तीन नंबरचं वॉशर चपटं होऊन पार पत्र्यासारखं झालंय, आणि आट्यांवर वाळलेल्या काळ्या ग्रीसचे थर. म्हणजे आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये साधं ग्रीस लावून प्लग जोरात आवळलेला आहे. साधं ग्रीस तिथे टिकत नाही, तेल जळून जातं आणि उरतो तो कोळसा, जो उलट अजून पकडून ठेवतो.

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

बाजारात तात्यांकडे गेलो, नवीन प्लग आणायला. तात्यांनी जन्मभर गाड्याच केल्यात, त्यांच्याशी वाद म्हणजे शिकणंच असतं. जुना प्लग हातात घेऊन म्हणाले, "अरे हा जाम होणारच. नवीन टाकशील तेव्हा अँटी-सीझ लाव, तांब्याचं असतं ते. आयुष्यात परत जाम होणार नाही." कपाटातून डबीही काढून दिली, आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची तांबूस पेस्ट, बोटाला लागली तर साबणाने पण निघत नाही.

डबी मी घेतली. पण प्लगला लावायची की नाही यावर घरी येऊन बराच वेळ वाचत बसलो, आणि शेवटी न लावायचं ठरवलं. का, ते सविस्तर लिहितो, कारण इकडे किनाऱ्यावर प्रत्येकजण हाच सल्ला देतो आणि तो मनापासून देतो.

पहिलं म्हणजे प्लग बनवणारी एनजीके स्वतःच लावू नका म्हणते. त्यांच्या चकचकीत चंदेरी प्लगच्या आट्यांवर ट्रायव्हॅलंट क्रोमचं प्लेटिंग असतं, ते गंजापासून संरक्षण देतं आणि काढताना सुटायलाही मदत करतं. म्हणजे अँटी-सीझचं जे काम आहे ते आधीच करून दिलेलं आहे. वरून पेस्ट लावली तर आटे घसरडे होतात आणि टॉर्क, म्हणजे आवळायच्या पिळाचा जोर, २० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, त्यातून आटे तुटणं किंवा प्लगची पोलादी बॉडी ताणली जाणं असे प्रकार होतात असं ते सांगतात.

हे घसरडेपणाचं प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे, खरी मेख तिथेच आहे. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला मोठा भाग नुसता घर्षणाशी भांडण्यात जातो, प्लगला खाली ओढून वॉशर दाबायला उरतो थोडाच. ढोबळ सूत्र असं, की ओढ म्हणजे टॉर्क भागिले (घर्षणाचा आकडा गुणिले व्यास). कोरड्या आट्याला हा आकडा ०.२ च्या आसपास धरतात, वंगण लावलेल्याला ०.१५ च्या आसपास. चौदा एमएम प्लग, २५ न्यूटन मीटर टॉर्क. कोरडा असेल तर ओढ निघते साधारण ९०० किलो. पेस्ट लावली आणि पाना तेवढाच आवळला तर साधारण १२०० किलो. हाताला काहीही फरक कळत नाही, टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, आणि आत ३०० किलो जास्त ओढ बसलेली असते. आणि पेस्ट लावणारा माणूस सहसा टॉर्क पाना वापरतच नाही, तो हाताच्या सवयीवर आवळतो, आणि घसरड्या आट्यावर पाना सहज फिरतो म्हणून अजून थोडा फिरवतो.

बॉडी ताणली तर काय होतं? प्लगमधली पांढरी चिनीमाती पोलादी बॉडीत दाबून बसवलेली असते. बॉडी ताणली की ती पकड सैल होते, आतून गॅस झिरपायला लागतो, आणि टोकाची उष्णता बॉडीत जायची वाट बिघडते. प्लगच्या टोकाला साधारण ५०० ते ८५० अंशांत राहायचं असतं, खाली गेला तर काजळी धरते, वर गेला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. आणि टोकाची उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये. त्या वाटेची छेड काढायचं काही कारण नाही.

दुसरं, तांबं. तांबं आणि अॅल्युमिनियम यांची जोडी खाऱ्या पाण्यात पोलाद-अॅल्युमिनियमपेक्षाही वाईट. पेस्टमधलं ग्रीस पाणी अडवतं तोवर ठीक, पण ते जळून गेल्यावर तांब्याचे कण आट्यात राहतात आणि मग पावसाळ्यात काय होईल याचा विचार करावा. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये लावायचीच वेळ आली तर मी निकेलवाली पेस्ट शोधेन.

तात्यांचा सल्ला खोटा आहे असं मुळीच नाही, तो दुसऱ्या काळातला आहे. त्यांनी ज्या प्लगांवर काम केलं त्यातल्या बऱ्याचशांची बॉडी काळी असायची, नुसत्या ब्लॅक ऑक्साइडची, प्लेटिंग नाही. तसे प्लग अजून मिळतात, आणि त्यांना पातळसा हात लावण्यात अर्थ आहे. पण त्यातही पद्धत आहे, टोकाकडचे पहिले दोन आटे कोरडे सोडायचे, त्याच्या वरच्या दोन-तीन आट्यांना काडीने ठिपका, बोटाने पसरवून पुसून टाकायचं, वॉशरच्या बैठकीला अजिबात नाही, इलेक्ट्रोडला तर चुकूनही नाही कारण पेस्टमध्ये धातू आहे, ठिणगी तिकडूनच पळून जाईल. आणि टॉर्क पाव ते तिसरा हिस्सा कमी.

प्लग घेतले बीपीआर५ईएस, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचे. कोड वाचता आला की दुकानदार काय देतोय ते कळतं: बी म्हणजे चौदा एमएम आटा, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, ५ हा उष्णतेचा नंबर (एनजीकेत लहान नंबर म्हणजे गरम प्लग), ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे, एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. यातलं ई महत्त्वाचं. कोणी १२.७ मिमीवाला आखूड टाकला तर हेडचे खालचे आटे ज्वालेला उघडे पडतात, कार्बन धरतात, आणि पुढच्या वेळी बरोबर प्लग टाकायला गेलं की तिथे अडतो. लांब टाकला तर प्लगचेच आटे आत लोंबतात, त्यावर कार्बन बसतो आणि काढताना तो कार्बन हेडचे आटे सोलत बाहेर येतो. जाम प्लगची अर्धी दुखणी इथून सुरू होतात आणि दोष ग्रीस न लावल्याला दिला जातो.

दुकानात सगळेजण अजून "मायको प्लग द्या" असंच म्हणतात, मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

दसरा. सकाळी हत्यारांची पूजा, पान्यांना हळदकुंकू, झेंडू, ओम्नीला हार. दुपारी तीच हत्यारं घेऊन कामाला बसलो.

आजचं काम तीन नंबरच्या भोकातले आटे साफ करणं. मी नवीन प्लग लावण्यापेक्षा या कामाला जास्त महत्त्व देतो. घाण आट्यात नवीन प्लग घातला तर कोरडा काय नि पेस्ट लावून काय, टॉर्कचा आकडा खोटाच येणार. पेस्ट लावली की घाण आट्यातही प्लग गुळगुळीत जातो आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, हा पेस्टचा मला दिसणारा सगळ्यात मोठा तोटा.

टॅप मारायचा नाही. टॅप धातू कापतो, आणि हेडमध्ये कापून टाकण्याइतका धातू नाहीये. हवाय तो फक्त साफ करणारा. बाजारात थ्रेड चेझर मिळतो, माझ्याकडे नाही, पण जुनी युक्ती आहे. एक नंबरचा जुना प्लग घेतला, आटे चांगले होते त्याचे. वायर ब्रशने साफ केला, वाइसमध्ये धरला आणि हेक्सॉ ब्लेडने आट्यांवर उभ्या खाचा मारल्या, चार बाजूंना चार, टोकापासून वरपर्यंत. प्रत्येक खाचेची धार बारीक कानशीने मोडली नाहीतर तिथली बर (कापताना उरलेली धारदार कड) ओरखडे काढेल. खाचांमध्ये जाडसर ग्रीस भरलं, हे ग्रीस कचरा पकडायला.

मग हाताने, पान्याशिवाय, भोकात फिरवायला सुरुवात. पहिले दोन आटे सहज, तिसऱ्याला अडला. परत काढला. खाचेतलं ग्रीस बघितलं तर राखाडी झालेलं, त्यात पांढरे कण चमकत होते. पुसलं, नवीन ग्रीस भरलं, परत आत. दर वेळी अर्धा-पाऊण आटा पुढे. जिथे हाताला रबरी वाटायला लागतं तिथे मागे यायचं, पुढे रेटायचं नाही. शेवटी तो चिमटीने खालपर्यंत गेला आणि तसाच मोकळा बाहेर आला. टॉर्च लावून आरशाने बघितलं, वरचा एक आटा थोडा खाल्लेला आहे, बाकी चकचकीत. १९ मिमी लांबीला १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) म्हणजे साधारण पंधरा आटे, त्यातला एक अर्धवट गेला तर चालतं.

वॉशर जिथे बसतं ती सपाट बैठक चिंधीला पेट्रोल लावून साफ केली. मग तिन्ही प्लग बाहेरच ठेवून, भोकांवर फडकं टाकून, कॉइलची वायर काढून सेल्फ मारला. आत जे काही पडलं असेल ते हवेबरोबर फडक्यावर आलं. डोळे बाजूला ठेवायचे या वेळी.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

प्लग बसवले.

गॅप आधी. ०.७ ते ०.८ मिमी पाहिजे, फिलर गेजने तिन्ही तपासले, एक जरा जास्त होता तो बाहेरचा इलेक्ट्रोड हलके ठोकून आणला. नवीन प्लग डबीतून काढला म्हणजे गॅप बरोबरच असतो असं धरून चालू नये, रस्त्यात पडला-बिडला असेल तर बदलतो.

सुरुवात पान्याने करायची नाही. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या चिनीमातीवर घट्ट बसतो, त्याला धरून प्लग भोकात सोडायचा आणि पाइप फिरवायचा. आटा वाकडा लागला तर पाइप प्लगवर घसरतो, जोर पुढे जातच नाही. ही पाइपवाली पद्धत प्रत्येक स्कूटर-मोटरसायकलवाल्यालाही माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कितीतरी हेड वाचतील. तिन्ही प्लग पाइपनेच वॉशर टेकेपर्यंत गेले. तीन नंबरचा पण.

आता टॉर्क. चौदा एमएम, वॉशरवाला प्लग, अॅल्युमिनियम हेड, एनजीकेच्या तक्त्यात २५ ते ३० न्यूटन मीटर. ओळखीच्या गॅरेजचा क्लिकवाला टॉर्क पाना मागून आणलाय, पण तो चाकांच्या नटांसाठीचा, सुरुवातच ४० पासून. असा पाना खालच्या टोकाला खरं बोलत नाही आणि रेंजच्या बाहेर तर बोलतच नाही. मग मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा काढला. रॅचेटच्या दांड्यावर गोटीच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर मार्करने खूण केली, काट्याचा हुक तिथे अडकवला, आणि दांड्याला काटकोनात सावकाश ओढलं. १० किलो गुणिले पाव मीटर म्हणजे अडीच किलो-मीटर, म्हणजे साडेचोवीस न्यूटन मीटर. काट्यावर दहाच्या किंचित पुढे, साडेदहापर्यंत नेलं की २५ च्या जरा वर बसतं. एका हाताने रॅचेटचं डोकं सरळ दाबून धरायचं, नाहीतर एक्स्टेन्शन कलतं. काटा आधी किलोच्या साखरेच्या पुड्यांवर तपासून घेतला होता.

ताळा म्हणून फेरा पण मोजला. नवीन वॉशर हाताने टेकल्यावर पुढे साधारण अर्धा फेरा, असं प्लगच्या खोक्यावरच चित्र असतं. गोटीवर मार्करची रेघ होती, तिन्हीवेळा अर्ध्या फेऱ्याच्या आसपास काटा दहाच्या पुढे गेला. दोन्ही मापं जुळली म्हणजे आटे स्वच्छ आहेत, घर्षण जिथे असायला पाहिजे तिथेच आहे. वॉशर चेपताना आधी मऊ लागतं आणि मग एकदम कडक, तो बदल हाताला स्पष्ट कळतो, एकदा अनुभवला की विसरत नाही. काटाही नसेल तेव्हा फेऱ्याचं माप धरावं, ते घर्षणावर फारसं अवलंबून नाही. वापरलेला प्लग परत बसवताना मात्र वॉशर आधीच चेपलेलं असतं, त्याला अर्धा फेरा द्यायचा नाही, बाराव्या हिश्शाएवढाच, घड्याळात एक तासाचं अंतर.

एचटी वायरच्या रबरी टोपीत आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, अगदी थोडं. हे पाणी अडवतं आणि वीज वाहत नाही. तांब्याची डबी इथे आणायची नाही, दिसायला दोन्ही ग्रीसच पण काम उलट.

चालू केली. मिसिंग नाही. बुडाशी साबणाचं पाणी सोडून बघितलं, एकही बुडबुडा नाही. मामा फोनवर आवाज ऐकून म्हणाले, "हां, आता माझी गाडी वाटते."

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

शेजारच्या काकांची स्प्लेंडर आली, प्लग "फिरतोच आहे, आवळतच नाही". आटे गेले. या स्प्लेंडरचा प्लग सी७एचएसए, आटा फक्त १० एमएमचा, तक्त्यात टॉर्क १० ते १२ न्यूटन मीटर. गाडीबरोबर मिळणाऱ्या प्लगपान्यात वीसेक सेंटिमीटरची टॉमी घातली तर साडेपाच किलोचा ओढा झाला बस्स, म्हणजे दोन बोटांचं काम. पण लोक मूठ आवळून ओढतात. काकांच्या गाडीला तर भरपूर कॉपर ग्रीस चोपडलेलं होतं, पार वॉशरवर सुद्धा. "मीच लावून घेतलं हो, पावसात जाम नको म्हणून." चांगल्या भावनेनेच केलेलं.

हेड उतरवून चिपळूणला लेथवाल्याकडे पाठवलं. तिथे भोक मोठं करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकतात किंवा पोलादी बुश, मी हेलिकॉइल सांगितली, आणि तिची लांबी १२.७ मिमीपेक्षा जास्त आत यायला नको हे कागदावर लिहून दिलं, कारण आत लोंबणारी कडा तापून लाल होते. बुधवारी मिळेल.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

तात्यांची तांब्याची डबी आज उघडली. सायलेन्सरचे नट. मनिफोल्डला जिथे पाइप जुळतो तिथले स्टड गंजून नट गोल झाले होते, एक कापावा लागला. नवीन स्टड-नट, आट्यांना कॉपर पेस्ट व्यवस्थित, पॅकिंग नवीन. इथे ही पेस्ट पाहिजेच. कितीही तापलं तरी तांब्याचे कण मागे उरतात आणि नट सुटा राहतो, पोलादाला पोलाद आहे, टॉर्कचा हिशोब इतका नाजूक नाही, आणि समुद्राकाठी दर दोन-तीन वर्षांनी सायलेन्सर उतरवायचाच असतो. मागच्या ड्रमच्या आत हबला जिथे ड्रम चिकटतो त्या कडेलाही पातळ हात दिला, ब्रेक लायनरपासून लांब. चाकाच्या नटांना नाही लावली, तिथे परत घसरडेपणाचाच प्रश्न येतो.

तात्यांना सांगितलं डबी कुठे कुठे वापरली ते. म्हणाले, "आणि प्लगला?" म्हटलं कोरडे. "बघू पावसाळ्यानंतर."

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

पावसाळा संपला, गाडी पूर्ण वर्ष चालली, याही वर्षी बाहेरच उभी होती. फक्त फरक एवढा की सीटखालच्या झाकणाचं रबर बदललं आणि पुढच्या चाकाआतला फाटलेला मडफ्लॅप नवीन टाकला, त्यामुळे प्लगपर्यंत चिखल कमी पोचला. तात्या मुद्दाम आले बघायला.

गार इंजिन, हवा मारली, काटा परत २५ सेंटिमीटरवर लावला, यावेळी उलट्या दिशेने. एक आणि दोन नंबर साडेनऊच्या आसपास सुटले, तीन नंबर अकराच्या जरा वर. म्हणजे बसवताना जेवढा लावला जवळपास तेवढ्यातच. सुटल्यावर पुढे बोटांनी फिरत बाहेर. तीन नंबरच्या सगळ्यात वरच्या आट्यावर, जो हेडमध्ये खाल्लेला आहे तिथे, बारीक पांढरी रेघ आहे, बाकी प्लेटिंग तसंच चंदेरी. तात्यांनी नखाने ती रेघ खरवडली, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "हा एवढा दरवर्षी उघडत जा. बाकीचे दोन राहूदेत."

मला पटलं ते. वर्षातून एकदा पावसानंतर तिन्ही काढायचे ठरवलंय खरं तर, गॅप बघायचाच असतो, आणि दरवर्षी सुटणारा प्लग जाम व्हायला वेळच मिळत नाही. आटे कोरड्या फडक्याने पुसले, गॅप ०.८ च्या थोडा पुढे गेला होता तो परत आणला, पाइपने बसवले, टेकल्यावर एका तासाएवढा फेरा. तीन नंबरला नवीन वॉशरसकट नवा प्लग टाकला, त्याला अर्धा फेरा, काटा दहाच्या पुढे. पुढचं काम टायमिंग बेल्ट, तो कधी बदललाय ते मामांनाही आठवत नाहीये, त्यामुळे दिवाळीच्या आधी उरकतो.